चिखलवाटेने सहस्रकुंडाकडे



वैशाखाचे ऊन बाहेर अजून निवलेले नाही, मांडवातल्या खुर्च्यांचे लोखंड हाताला चटका देते आहे, आणि अशा वेळी आम्ही तुमच्यापुढे चिखलाविषयी बोलायला उभे आहोत. विषय अवेळी वाटेल. पण आमचा अनुभव असा की, पावसाळ्याविषयीचा शहाणपणा पावसाळ्यात सांगून उपयोग नसतो. पहिला पाऊस पडला की तरुण मंडळी मोटारसायकली काढून धबधब्याच्या वाटेला लागतात. त्या वेळी त्यांच्या कानात वारा भरलेला असतो, व्याख्यान शिरत नाही. म्हणून दोन महिने आधीच बोलून घेतो.

आमचा धबधबा म्हणजे पैनगंगेवरचा सहस्रकुंड. आपल्या नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ, हा धबधबा आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सहस्रकुंड या नावाचे स्थानकही आहे. नदीच्या उजव्या काठावर मराठवाडा आणि डाव्या काठावर विदर्भ, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचा उमरखेड तालुका. एके काळी हीच नदी हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांची शीव होती. १९५६ साली दोन्ही काठ एका राज्यात आले आणि १९६० पासून ते महाराष्ट्राचे आहेत. नदीने मात्र दोन्ही काठांना कधी दुजाभाव केला नाही. ती दोघांच्या मधून एकाच आवाजात कोसळते.

अर्धापुरातून निघून भोकर, हिमायतनगर करीत डांबरी रस्त्याने थेट धबधब्याजवळ पोचता येते. तसे आम्ही अनेकदा गेलो होतो. गाडीतून उतरावे, पाणी पाहावे, महादेवाचे दर्शन घ्यावे, भजी खावी आणि परत फिरावे. पण एका श्रावणात आमच्यापैकी पाच-सहा जणांनी ठरवले की, या वेळी रस्ता थोडा आधी सोडायचा आणि शेतांच्या बांधावरून, रानातल्या पायवाटेने, नदीच्या काठाकाठाने चालत जायचे. अंतर फार नव्हते. पण त्या चार-पाच मैलांनी आम्हांला जे शिकवले, तेच आज क्रमाने सांगायचे आहे. पहिले रान, मग चिखल, मग कातळ, आणि शेवटी पाणी.

रान कोणते?

हल्ली वर्तमानपत्रांत आणि सहलींच्या जाहिरातींत कोणत्याही हिरव्या रानाला ‘वर्षावन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. किनवटचे रान श्रावणात इतके गच्च हिरवे दिसते की, नवख्याला ते वर्षावनच वाटावे. पण तसे ते नाही, आणि हा भेद नुसता शब्दांचा नव्हे.

खरे वर्षावन सदाहरित असते. तेथे पाऊस उदंड आणि त्यातले मोठे वृक्ष एकदम सारी पाने कधीच टाकत नाहीत. आपल्या राज्यात त्याच्या जवळ जाणारे रान पाहायचे असेल तर सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोलीकडे जावे लागेल. तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या नांदेड जिल्ह्याची सरासरी नऊशेच्या आसपास. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात पाऊस जिल्ह्याच्या इतर भागांहून थोडा अधिक पडतो, पण आंबोलीची सर त्याला कोठून येणार?

त्यामुळे आपले रान आहे ते शुष्क पानगळीचे. साग, ऐन, धावडा, मोह, टेंभुर्णी, बेहडा, सालई, पळस, चारोळी, बिबा ही त्यातली माणसे. होय, माणसेच म्हणतो, कारण ती माणसांसारखीच काटकसर करून राहतात. पाऊस चार महिन्यांचा आणि खर्च बारा महिन्यांचा. पानांतून पाण्याची वाफ सतत उडत असते. तेव्हा उन्हाळा तोंडावर आला की झाड पानेच टाकून देते. घरात मिळकत नसली की शहाणा गृहस्थ दिवे मालवतो, तसे हे आहे. आज या घटकेला तुम्ही किनवटला गेलात तर साग नागडा उभा दिसेल. तो मेलेला नसतो, उपाशी राहून तग धरीत असतो.

पहिल्या पावसानंतर त्याच सागाला सुपाएवढी पाने फुटतात. कोवळे पान तळहातावर चोळले तर हात लालभडक होतो. आमच्यातल्या एका शिक्षकांनी तो प्रयोग करून पाहिला आणि दिवसभर हात दाखवीत फिरले. श्रावणात सागाच्या शेंड्यांवर पांढुरक्या फुलांचे तुरे येतात. त्याच सुमारास किडीने खाल्लेली जाळीदार पानेही दिसू लागतात, जणू कोणी पानातला मऊ भाग काढून नुसत्या शिरा ठेवल्या आहेत. पावसाची सर आली तेव्हा वाटेत भेटलेल्या बायका सागाची पाने डोक्यावर धरून निवांत चालल्या होत्या आणि आमच्या छत्र्या वाऱ्याने उलट्या झाल्या होत्या. या रानात गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजारा वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रान हे त्यांचे घर आहे, आणि आपण पाहुणे. पाहुण्याने उंबरठ्यावर पाय पुसावेत आणि बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या घरात टाकून जाऊ नयेत, एवढे सांगायला खरे तर व्याख्यानाची गरज नसावी.

चिखलाचे शास्त्र

आता चिखल. सह्याद्रीतल्या लाल मातीचा चिखल घसरवतो, आपला काळा चिखल धरून ठेवतो. रस्ता सोडून शंभर पावले गेलो नाही तोच आमच्यातल्या एकाची चप्पल जमिनीत राहिली आणि पाय पुढे गेला. दुसऱ्याच्या बुटाला इतकी माती चिकटली की प्रत्येक पाय दोन-दोन शेरांनी जड झाला. काळ्या आईचे हे प्रेम सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे, पण त्याचे कारण थोडे समजून घेण्यासारखे आहे.

आपली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यातले चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. हे कण वाटोळे नसतात. पत्त्यांच्या जोडासारखे, पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि जोड फुगतो. उन्हाळ्यात तेच पाणी निघून जाते, जोड आवळतो आणि शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. म्हणजे मेमधली भेग आणि ऑगस्टमधला चिखल ही एकाच स्वभावाची दोन रूपे आहेत. या जातीच्या खनिजाला शास्त्रज्ञ मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. आपल्याला नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, पत्त्यांचा जोड लक्षात राहू द्या.

या मातीच्या चार अवस्था आहेत. कोरडी असते तेव्हा ती दगडासारखी. थोडी ओल आली की वाफसा, म्हणजे औत घालण्याजोगी, पायाला सुखाची. वाफशाच्या पलीकडे गेली की ती चिकटते. आणि पाणी फारच झाले की राबडी होते, ती चिकटत नाही, घसरवते. चालणाऱ्याला सर्वांत त्रासाची अवस्था ही तिसरी, म्हणजे सर पडून गेल्यावर उघडीप पडते तेव्हाची. आपल्याला वाटते की पाऊस थांबला, आता वाट सुधारेल. उलट त्याच वेळी ती पाय धरते.

पाय रुतला की आपण काय करतो? जोराने वर ओढतो. त्याने काय होते पाहा. तळव्याखाली ओल्या मातीने हवेची वाट बंद केलेली असते. पाय वर ओढताच खाली पोकळी होऊ लागते आणि तेथे हवा शिरू शकत नाही. वरून मात्र हवेचा दाब आहेच, दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. खाली पूर्ण पोकळी कधी होत नाही, पण थोडा जरी फरक पडला तरी पायाला, आणि पायापेक्षा चपलेला, तो भारी पडतो. म्हणून ओढू नये. टाच आधी हलवावी, पाय डावीकडे-उजवीकडे किंचित फिरवावा, कडेने हवा आणि पाणी आत जाऊ द्यावे, आणि मग सावकाश उचलावा. भाताच्या खाचरात लावणी करणाऱ्या बाया हे न शिकता करतात. आम्हांला ते कळायला एक चप्पल खर्ची पडली.

पादत्राणांविषयी दोन शब्द. गुळगुळीत तळाच्या चपला या वाटेला सर्वांत वाईट. त्या चिखलात राहतात आणि कातळावर घसरतात. पायात घट्ट बसणारा, तळाला खोल खाचा असलेला बूट बरा. रानातली माणसे अनवाणी चालतात तेव्हा बोटे फाकून मातीत रोवतात. पण ती बोटे लहानपणापासून मोकळी वाढलेली असतात. आपण एका दिवसात त्यांची नक्कल करू गेलो तर बाभळीचा काटा आपल्याला वास्तव दाखवून देतो. हातात खांद्याएवढी काठी मात्र असावी. ती तिसरा पाय होते, पुढच्या चिखलाची खोली सांगते आणि गवतात आपटत गेले तर सापाला आपली वर्दी देते.

सापाचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगून ठेवतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. दंश झालाच तर चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, करकचून दोरी बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला जितक्या लवकर साधेल तितक्या लवकर दवाखान्यात न्यावे. औषध आहे ते प्रतिविष, आणि ते दवाखान्यातच मिळते, मांत्रिकाकडे नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्ही स्वतः चुकीची करीत होतो. वाटेत चिखल आला की आम्ही तो टाळण्यासाठी कडेच्या गवतावरून जायचो. सगळेच तसे करतात. त्यामुळे कडेचे गवत तुडवले जाते, त्याची मुळे मरतात, मातीला धरून ठेवणारे कोणी राहत नाही, आणि पुढच्या पावसात तीही जागा चिखल होते. मग पुढचे लोक आणखी कडेने जातात. दोन हातांची पायवाट अशी दहा हातांची होते, तिच्यातून पाणी ओघळ काढते आणि चांगली माती नदीत जाते. तेव्हा पाय भिजणारच आहेत हे मनाशी धरून, वाटेच्या मधूनच, एकामागे एक चालावे. चिखल टाळण्याच्या धडपडीनेच चिखल वाढतो.

काळ्या कातळाच्या पायऱ्या

नदी जवळ आली की आधी आवाज येतो. मग माती संपते आणि कातळ लागतो, काळाकभिन्न, पाण्याने घोटलेला. सहस्रकुंडाचे सगळे नाटक या कातळावर उभे आहे.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर भूगर्भातून लाव्हारस वारंवार बाहेर आला. एक थर पसरला, थंड झाला, मग काही काळाने त्यावर दुसरा. अशा थरांवर थर साचून आपले पठार झाले. या खडकाला ‘ट्रॅप’ हे जे नाव मिळाले ते जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. थरांच्या कडा झिजून डोंगरांना पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात, हे आपण कोणत्याही किल्ल्यावर जाताना पाहतो. नदी अशाच एखाद्या पायरीवरून उतरते तेव्हा आपण त्याला धबधबा म्हणतो.

पण पायरी टिकते कशी? सर्व थर सारखे टणक नसतात. थराचा मधला भाग घट्ट असतो, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ. पडणारे पाणी पायथ्याशी घुसळते, खालचा मऊ भाग आधी झिजतो आणि वरचा टणक थर छज्जासारखा पुढे येतो. लाव्हा थंड होताना आक्रसल्यामुळे त्यात उभ्या भेगा पडलेल्या असतातच. पूर त्या भेगांतून दगडांचे ठोकळे उपटून काढतो, आणि एक दिवस छज्जा कोसळतो. म्हणजे धबधबा स्थिर नसतो. तो अतिशय सावकाश, उगमाच्या दिशेने मागे सरकत असतो. आपल्या आयुष्यात ते दिसत नाही, इतकेच. दगड पडण्याचा दिवस मात्र पंचांगात दिलेला नसतो, म्हणून कड्याच्या अगदी टोकावर उभे राहून छायाचित्र काढू नये आणि पायथ्याशी कड्याला लागून बसू नये.

‘सहस्रकुंड’ या नावातली कुंडेही पाण्याच्या कारागिरीची आहेत. नदीच्या तळातल्या खोलगट जागी दोन-चार गोटे अडकतात. भोवऱ्याबरोबर ते गरगर फिरतात आणि जात्यासारखे कातळ दळतात. खळगा खोल होत जातो, गोटा झिजून नाहीसा होतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे सर्वांनी ऐकलेले असतील. तीच ही विद्या. उन्हाळ्यात नदी आटलेली असताना हे सारे स्वच्छ पाहता येते. म्हणून आमची सूचना अशी की, धबधबा पहिल्यांदा उन्हाळ्यात पाहावा. पाण्याखाली काय दडलेले आहे हे ज्याने मेमध्ये पाहिले, तो ऑगस्टमध्ये तेथे पोहायला उतरत नाही.

ओल्या कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो. हिरवा दिसतो तो निदान सांगून फसवतो. काळ्यावर काळा चकाकतो तो न सांगता फसवतो. पाय पूर्ण टेकवावा, उडी मारू नये, खडबडीत कोरड्या जागा शोधाव्यात. चढण्यापेक्षा उतरताना अधिक माणसे पडतात, कारण उतरताना आपले वजन पुढे असते आणि लक्ष घराकडे.

पाणी बदलले

आता जे सांगायचे त्यात आमची फुशारकी नाही, उलट लाजच आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन पडले होते. नदीला पाणी बेताचे होते. धारा वेगवेगळ्या वाटांनी पडत होत्या आणि वरच्या अंगाला पात्रात एक मोठा सपाट खडक कोरडा दिसत होता. गुडघ्याइतक्या पाण्यातून आम्ही त्या खडकावर गेलो, डबे सोडले आणि जेवायला बसलो. आकाशात ढगाचे नाव नव्हते. काठावर एक म्हातारा गुराखी घोंगडी पांघरून उभा होता. तो बराच वेळ आमच्याकडे नाही, पाण्याकडे पाहत होता. मग त्याने हाक मारली.

“ओ सायेब, पान्यानं रंग बदलला. निघा वर.”

आम्ही हसलो. कोणीतरी म्हणाले, “मामा, ऊन आहे की!” तो म्हणाला, “ऊन हितं हाय. पानी हितलं न्हाई.”

हे त्याचे वाक्य आम्ही जन्मभर विसरणार नाही. नदीचे पाणी येथले नसते. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातून निघते, वाशिम आणि हिंगोली करीत येते. तिच्यावरचे इसापूर धरण सहस्रकुंडाच्या वरच्या अंगाला आहे, आणि धरणाच्या खाली कयाधू येऊन मिळते. तिकडे कोठे काल रात्री ढग फुटला असेल, किंवा धरण भरून दरवाजे उघडले असतील, तर ते पाणी आज दुपारी तुमच्या डोक्यावर ऊन असताना येथे पोचते. त्याच्या खुणा आधी येतात. स्वच्छ पाणी गढूळ होते, काड्या, पाने आणि फेस वाहत येतो, आवाज जाड होतो. यांतली एक खूण दिसली तरी डबा, चप्पल, छत्री सोडून काठ गाठायचा. दुसऱ्या खुणेची वाट पाहायची नाही.

आम्ही उठलो, पण सावकाश. चौघे काठाला लागले आणि पाचव्याला राहिलेल्या डब्याची आठवण झाली. तो परत गेला. येताना तेच गुडघाभर पाणी कमरेला लागले होते. पान लावून खायला लागावा एवढाही वेळ मध्ये गेला नव्हता. त्याचे पाय सुटले. गुराख्याने हातातली काठी पुढे केली, आमच्यातल्या दोघांनी गुराख्याला धरले, तिसऱ्याने दस्ती टाकली, आणि तो कसाबसा बाहेर आला. डबा गेला. थोड्याच वेळाने आम्ही जेथे जेवत होतो तो खडक दिसेनासा झाला. कोणी कोणाशी बोलत नव्हते.

पुढे शांतपणे विचार केल्यावर कळले की त्याचे पाय का सुटले. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. शिवाय कमरेइतक्या पाण्यात माणसाचे जवळजवळ निम्मे वजन पाणीच उचलून धरते, त्यामुळे तळव्याची जमिनीवरची पकड निम्मी होते. म्हणजे पाणी आधी माणसाला हलके करते आणि मग ढकलते. पट्टीचा पोहणाराही येथे सुरक्षित नाही. धबधब्याखालचे पांढरे पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असते. ते साध्या पाण्याहून हलके असल्याने त्यात शरीर नीट तरंगत नाही. आणि पायथ्याचा भोवरा वर आलेल्याला पुन्हा धारेखाली ओढतो. विहिरीत सूर मारून मिळवलेला आत्मविश्वास येथे उपयोगाचा नाही. कोणी वाहून जात असेल तर त्याच्यामागे उडी मारणाराही बहुधा बुडतो. काठावरून काठी, दोर, दस्ती, जे हाती असेल ते टाकावे.

त्या गुराख्याला आम्ही पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. एवढेच म्हणाला की, शहरातली माणसे पाणी पाहायला येतात, पण पाण्याकडे पाहत नाहीत.

आपले आणि धबधब्याचे नाते

परतीच्या वाटेवर आमच्यातल्या केळीच्या बागायतदाराने एक प्रश्न काढला, आणि तो प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय आम्हांला खाली बसता येणार नाही. उन्हाळ्यात सहस्रकुंडाचे पाणी जाते कोठे?

उत्तर आपल्या घराशेजारी आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण १९८२ साली उभे राहिले, आणि त्याच्या कालव्यांचे पाणी हिंगोली-नांदेडच्या रानांबरोबर आपल्या अर्धापूरच्या शिवारातही आले. आपल्या ज्या केळीचे घड दूरदूर जातात, तिच्या मुळांशी विहिरींच्या पाण्याबरोबर पैनगंगाही आहे. म्हणजे आपण धबधबा पाहायला म्हणून गावाबाहेर जातो, पण त्याच नदीचा एक हिस्सा आपल्या बांधावरून रोज वाहत असतो. धबधब्याच्या कोरड्या कातळात आणि आपल्या हिरव्या बागेत हे असे रक्ताचे नाते आहे.

यात अपराध कोणाचा नाही. पोटाला पाणी आधी आणि डोळ्यांना मागून, हे कोणीही मान्य करील. पण जगात इतरत्र लोकांनी या दोन्हींचा हिशेब मांडून पाहिला आहे. शरावतीवर लिंगनमक्कीचे धरण १९६४ साली झाले आणि गिरसप्प्याचा धबधबा बराचसा पावसाळी पाहुणा झाला. उलट नायगारावर अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० साली करार केला. वीजनिर्मितीसाठी पाणी वळवायचे, पण पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला निदान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून पडू द्यायचे, आणि इतर वेळी त्याच्या निम्मे. पाणी कमी पडू लागल्याने त्या कड्याची झीजही पूर्वीपेक्षा पुष्कळ मंदावली. नायगारा मोठा आहे आणि आपण लहान, म्हणून आकड्यांची नक्कल करता येणार नाही. पण नदीच्या खालच्या अंगालाही मासे, गुरे, विहिरी आणि माणसे आहेत, त्यांच्यासाठी पात्रात थोडे पाणी राहिले पाहिजे, हा विचार तरी नकलण्याजोगा आहे. आणि त्याची सुरुवात बागायतदारानेच करायची आहे. मोकाट पाणी देण्याऐवजी ठिबकने दिले तर झाडाचे काही अडत नाही. वाचलेले पाणी कोठे जावे हे ठरवण्याचा अधिकार मग आपल्याला मागता येईल. जो उधळतो त्याला तो मागता येत नाही.

एक शेवटची गोष्ट. आपल्या शिवारातून निथळलेले पाणी ओढ्यांनी आसनेला मिळते आणि आसना नांदेडजवळ गोदावरीला. तिकडे सहस्रकुंडावरून उडी घेतलेले पाणी पैनगंगेतून वर्धेला जाते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला भेटते. म्हणजे इसापूरला दोन वाटांनी फुटलेले एकाच नदीचे पाणी शेकडो मैलांनंतर पुन्हा एकत्र येते. एक वाट केळीच्या मुळांवरून जाते, दुसरी काळ्या कातळावरून. दोन्ही वाटा आपल्याच आहेत.

येत्या पावसाळ्यात तुम्ही जरूर जा. मुलांनाही न्या. चिखलातून मधून चाला, कातळावर सावकाश चाला, पाण्यात उतरू नका, आणि काठावर कोणी घोंगडीवाला उभा दिसला तर आधी त्याला रामराम करून पाणी कसे आहे ते विचारा. तो सांगेल तसे वागा. आमचा एक डबा गेला, माणूस वाचला, एवढा व्यवहार स्वस्तात झाला. प्रत्येकाला तो इतका स्वस्त पडेलच असे नाही.